उजव्या हाताचं वळण

सरोजआत्याच्या स्वयंपाकघरात चहा सांडणं ही काही साधीसुधी गोष्ट नव्हती. उभा जन्म शाळेत मुलींना वळण लावण्यात घालवलेली बाई ती. तिच्या फळीवरचे डबेसुद्धा उंचीप्रमाणे, कवायतीला उभे केल्यासारखे असत. पण त्या उन्हाळ्यात रोज सकाळी चहा कधी बशीत, कधी ओट्यावर, कधी थेट चारूच्या साडीवर सांडायचा, आणि आत्या एक अक्षर न बोलता फडकं घेऊन पुसायला लागायची. चारूला नेमकं तेच सहन होत नसे.

"अगं, ओरड ना! सांडलाय मी चहा!"

"ओरडायचं काय त्यात? फडकं आहे की," आत्या म्हणे आणि दुसरा कप भरून देई.

चारू म्हणजे चारुलता दिघे, आत्याची भाची. वय सव्वीस, एका सरकारी कचेरीत टायपिस्ट. बडोद्यात वाडी भागातल्या एका बोळात, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आत्या-भाची राहत. चारूची आई ती चार वर्षांची असताना गेली, वडील वामनराव ती कॉलेजात असताना. तेव्हापासून आई म्हणा, बाप म्हणा, मास्तरीण म्हणा, सगळं सरोजआत्याच.

आणि त्या वर्षी, ऐंशी सालच्या हिवाळ्यात, चारूचा उजवा डोळा गेला होता.

एक डोळा गेला की माणसाला अर्धं दिसतं असं लोकांना वाटतं. तसं नसतं हो. दिसतं जवळजवळ सगळंच, पण कुठली वस्तू किती लांब आहे तेच कळेनासं होतं. कप इथे आहे असं वाटतं आणि तो असतो चार बोटं पलीकडे. लहरीपुऱ्याच्या बाजारातल्या गर्दीत उजवीकडून सायकल आली की ती अंगावर येईपर्यंत पत्ता लागत नाही. आणि वर लोकांचं ते "अरेरे, लग्नाची पोर!" हळहळायला काय, जिभेला तेवढाच व्यायाम. चारू हसून पुढे जायची आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडायची.

पण डोळ्यासाठी ती जितकी रडली, त्याच्या दुप्पट रायफलीसाठी रडली, हे आत्याला माहीत होतं.

दिघ्यांच्या घराण्यात आजवर कुणी बंदूक धरली नव्हती. आजोबा गायकवाडी राज्यात दप्तरात होते. आयुष्यभर चालवली ती लेखणी. दसऱ्याला लेखणीशेजारी एक तलवार पाटावर ठेवून पूजा व्हायची खरी, पण ती तलवार गंजून म्यानात अशी बसली होती की बाहेर काढायची कुणाची छाती नव्हती. अशा घरातली ही पोर कॉलेजात एनसीसीला गेली, पालथी पडून पहिल्यांदा नेम धरला, आणि तिथल्या मास्तरांनी लक्ष्याचा कागद हातात घेऊन विचारलं, "हे कुणाचं?"

ते मास्तर म्हणजे सुभानराव. पोलिसातले निवृत्त हवालदार, मिशा पांढऱ्या, आवाज मैदानावरचा. पाणीगेटच्या बाहेर एका जुन्या पागेत नेमबाजीचा क्लब होता, तो तेच सांभाळत. पूर्वी घोडे बांधायचे तिथे आता एका टोकाला दिवे आणि कागदी लक्ष्यं, दुसऱ्या टोकाला नेम धरणाऱ्यांची रांग. पावसाळ्यात भिंतींना अजून घोड्यांचा वास यायचा. बडोदेकर या जागेला चांदमारी म्हणत. त्या चांदमारीत चारू आठ वर्षं रमली. छर्ऱ्याच्या रायफलीत ती बडोद्याच्या संघात होती. राज्य स्पर्धेत एकदा तिसरी आली, तेव्हा आत्याने अख्ख्या बोळात पेढे वाटले होते. चांदमारीत मात्र आत्या कधी गेली नाही. "तुम्हा पोरींच्यात मी म्हातारी काय करू?" असं म्हणायची.

डोळा गेला तोही तिथेच. म्हणजे, तिथे कळला. नेम धरताना चारूला काळ्या ठिपक्याच्या खाली सावली दिसायला लागली. कुठलाही नेमबाज करेल तेच तिने केलं: दोष रायफलीला दिला. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम जुळवायची खूण, पुसली, डोळा लावायचं मागचं भोक साफ केलं. मग दिव्याला नावं ठेवली, तर सुभानरावांनी दिवा बदलून दिला. घरी काहीच जाणवत नव्हतं, कारण दोन्ही डोळे उघडे असले की डावा डोळा उजव्याचं सांभाळून घ्यायचा. चांदमारीत डावा मिटून उजव्याने बघायची तेव्हाच काय ती सावली. "रायफल बिघडलीय काका," म्हणत तिने पंधरवडा घालवला. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय. अहमदाबादला नेऊन ऑपरेशन केलं, पण उशीर झाला होता. उजव्या डोळ्यात आता काळोख होता, आणि डावा जपायचा होता.

त्यानंतर चारू पाणीगेटच्या बाजूला फिरकली नाही. बस त्या रस्त्याने जायची तर ती एक थांबा आधी उतरून वळसा घालून जायची.

एका रविवारी सुभानरावच घरी आले. हातात बडोद्याच्या ओलसर लीलो चिवड्याचं पुडकं, डोक्यावर टोपी.

"बाई, हे मुलीला," त्यांनी पुडकं आत्याच्या हाती दिलं. त्यांच्या दोन्ही लेकी आत्याच्या हाताखाली शिकल्या होत्या, म्हणून ते तिला बाईच म्हणत. मग ते चारूकडे वळले. "दसऱ्याला निवड आहे. तिघींची नावं जायची राज्य स्पर्धेला. तुझी रायफल मी कुणाला दिलेली नाही, कपाटात आहे."

"काका, मला एक डोळा आहे," चारू म्हणाली.

"मग? नेम धरायला किती लागतात? आठ वर्षं तू एक डोळा मिटूनच नेम धरत होतीस ना?"

"मिटत होते तो आता उरलाय! ज्याने बघत होते तो गेला!"

"मग खांदा बदल. डाव्या खांद्याला लाव, डाव्या डोळ्याने बघ, डाव्या बोटाने चाप ओढ. लोक करतात."

"लोक करत असतील," असं म्हणून चारू जी उठली ती आतल्या खोलीत जाऊन बसली. सुभानरावांनी चहा घेतला आणि जिना उतरताना पुटपुटले, "येईल. तिला यायचंय."

बरोबर ओळखलं होतं त्यांनी. तिला जायचंच होतं. पुन्हा एकदा त्या रांगेत उभं राहायचं, बडोद्याच्या संघात नाव लागायचं, याखेरीज त्या पोरीच्या मनात दुसरं काही नव्हतं. भीती एकच होती, की गेले आणि जमलं नाही तर मग आशा ठेवायला जागा उरणार नाही. पुढच्या रविवारी ती आत्याला "भाजी आणते" सांगून निघाली ती थेट चांदमारीत गेली. आत्याने पिशवी घरीच राहिलेली पाहिली आणि ती खुंटीला अडकवून ठेवली.

पहिला दिवस म्हणजे नुसती फजिती. रायफलीच्या दस्त्याला गाल टेकवायला जो फुगवटा असतो, तो उजव्या खांद्यावाल्यांसाठी केलेला. डाव्या खांद्याला लावली की तो बाहेरच्या बाजूला जाई आणि गालाला नुसतं लाकूड बोचे. पाय कुठला पुढे टाकायचा ते कळेना. पहिला छर्रा भिंतीत गेला, दुसराही भिंतीत. नीरा नावाची क्लबातली सगळ्यात तरबेज मुलगी शेजारी उभी होती. तिने चारूला संकोच नको म्हणून उगाचच आपल्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

सुभानरावांचं लक्ष मात्र भिंतीकडे नव्हतं. ते चारूच्या बोटाकडे बघत होते.

"थांब," ते म्हणाले. "रिकामी रायफल घे आणि चाप ओढून दाखव. पुन्हा ओढ." मग मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "उजव्या बोटाने ओढताना शेवटी तुझा एक बारीक झटका असायचा. आठ वर्षं घासली मी तुला, पण तो गेला नाही. डाव्यात तो झटकाच नाही. पोरी, तू मुळातली डावखुरी आहेस काय?"

"छे हो काका. सगळं उजव्यानेच करते मी."

"बाईंना विचार," सुभानराव म्हणाले.

तिने संध्याकाळी विचारलं. आत्या वाल सोलत बसली होती.

"आत्या, मी लहानपणी डावखुरी होते का गं?"

आत्याच्या हातातला वाल टोपलीत पडायचा तो जमिनीवर पडला. "काहीतरीच तुझं!" असं म्हणून ती उठली आणि दूध बघायला गेली. गॅसवर दूध ठेवलेलंच नव्हतं.

चारूला वाटलं, चांदमारीत गेले म्हणून रागावली असेल. तिने विषय सोडला. पुढचे तीन-चार रविवार ती जात राहिली आणि तोंड पाडून परत येत राहिली. गाल नीट टेकत नव्हता, उजव्या हाताला नुसता आधार द्यायची सवय नव्हती, आणि जरा घाई झाली की बोटं आपापल्या जुन्या जागा शोधायची. शेवटी एका रविवारी येऊन तिने चपला कोपऱ्यात भिरकावल्या. चपला भिरकावणं हेही त्या घरात साधं नव्हतं.

"सोडलं मी. जमणार नाही मला. हात ऐकतच नाहीत."

आत्या उठली. तिने दोघींची ताटं वाढली. मग कपाटाच्या तळातून काहीतरी काढलं आणि चारूसमोर येऊन बसली. तिच्या हातात एका जुन्या साडीचा काठ होता, हिरवा, धुऊन धुऊन विटलेला, दोन बोटं रुंद.

"उजवा हात मागे घे," आत्या म्हणाली.

"काय?"

"घे म्हणते ना."

चारूने हात मागे घेतला. आत्याने तो काठ तिच्या मनगटाभोवती गुंडाळला आणि कमरेशी सैलसर गाठ मारली. ते मऊ कापड मनगटाला लागलं मात्र, चारूच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिला आठवलं असं म्हणता येणार नाही. आठवलं ते तिच्या हाताला. बसायला पाट, समोर वरणभात, पाठीशी बांधलेला हात, गालावर ओघळलेलं रडू, आणि डोक्यावरून येणारा तो करडा आवाज: "चारू, उजवा!" खेळताना, लिहिताना, दार उघडताना, सारखा तोच आवाज. "चारू, उजवा!"

"तेव्हा दुसरा हात होता," चारू हळूच म्हणाली. "डावा बांधला होतास तू."

"हो."

"म्हणजे काका म्हणतात ते खरं! आणि मी विचारलं तर तू काहीतरीच म्हणालीस!"

"लाज वाटली मला," आत्या म्हणाली. इतकी सरळ बाई, खोटं बोलायची सवय नाही आणि कबूल करायचीही नाही. "तुझी आई जाऊन दोन महिने झाले होते. तुला घेऊन मी एका घरी हळदीकुंकवाला गेले. त्यांनी तिळगूळ दिला आणि तू डावा हात पुढे केलास. तिथे एक बाई सगळ्यांदेखत म्हणाली, आईवेगळी पोर, हिला वळण कोण लावणार? मला ते इतकं झोंबलं चारू! वहिनीच्या पोरीला कुणी असं म्हणावं? घरी आले आणि हा काठ फाडला. तुझ्या आईच्याच साडीचा आहे. सुतळीने बांधलं असतं तर तुला वळ उठले असते."

चारूच्या मनात नाही नाही ते दाटून आलं. आईच्या साडीचा काठ म्हणून त्याला गालाशी धरावं असं वाटलं आणि आत्याचा भयंकर रागही आला.

"माझा हात होता तो आत्या! तू मला न विचारता काढून घेतलास!"

"घेतला. चार वर्षांच्या पोरीला विचारायची रीत नव्हती तेव्हा, आणि असती तरी मी विचारलं नसतं. मला वाटलं, मी तुझं भलंच करतेय."

"मी रागावलेय तुझ्यावर."

"रागाव. पण आधी जेव. डाव्या हाताने."

चारू हुंदके देत देत डाव्या हाताने जेवली. घास पोटात गेला तेवढाच मांडीवरही सांडला. आत्याने फडकं आणलं, आणि या खेपेला ओरडलीही. "नीट! घास लहान घे! घाई कसली आहे?" तो करडा आवाज ऐकून, का कोण जाणे, चारूला बरं वाटलं.

तिचा राग मात्र लगेच गेला नाही. जाईल कसा? काही दिवस दोघींत अबोला होता, पण त्या अबोल्यातही शिकवणी चालू होती. चारू कचेरीतून आली की आत्या समोर वाटीत साबुदाणे ठेवायची. ते डाव्या चिमटीने एकेक उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे. देवापुढची काडी डाव्या हाताने ओढायची. कपडे वाळत घालायच्या काठीच्या टोकाला तांदळाची पुरचुंडी बांधून ती काठी डाव्या खांद्याला लावून उभं राहायचं, आणि आत्या समोर खुर्ची टाकून बघत बसायची. काठी हलली की नुसतं खाकरायची, अबोला होता ना! चहाचा कप कुठे आहे ते आधी उजव्या बोटाने चाचपून मग डाव्या हाताने ओतायचं, हेही आत्यानेच शोधून काढलं. चहा सांडायचा थांबला.

जेवताना तेवढं दार लावून घेत. एकदा कडी लावायची राहिली, आणि खालच्या मजल्यावरची गुजराती शेजारीण ढोकळ्याची ताटली घेऊन वर आली, ती चारूला जेवताना बघून दारातच थबकली.

"अरे चारूबेन, डाबा हाथे?"

"डॉक्टरांनी सांगितलंय," आत्या पापणी न हलवता म्हणाली.

शेजारीण "हा हा, डॉक्टर कहे तो करवुं पडे" करत खाली गेली. चारूने आत्याकडे पाहिलं, आत्याने छताकडे पाहिलं, आणि दोघींना एकदम असं हसू फुटलं की चारूला ठसका लागला. अबोला तिथेच संपला.

"त्या बंदुकीला गाल टेकत नाही म्हणतेस ना?" त्याच संध्याकाळी आत्या म्हणाली. "वर्तमानपत्रावर ठेवून आकार काढून आण तिचा." चारूने आणला. आत्याने आईच्या त्या हिरव्या साडीचा उरलेला पदर काढला, घड्या घालून, आत जुनं फ्लॅनेल भरून, बारीक टाके घालत गोधडीसारखी एक जाड पट्टी शिवली, बांधायला बंदही लावले. सुभानरावांनी ती दस्त्याला बांधून पाहिली, अंगठ्याने दाबली, आणि मान डोलावली. क्लबातल्या मुली हसल्या, "रायफलीला गोधडी!" पण चारूचा गाल तिथे असा टेकला, जणू उशीवरच टेकावा. तिने डोळा लावला. पुढे माशी, माशीच्या पुढे काळा ठिपका, स्वच्छ, त्याखाली सावली नाही.

मग छर्रे भिंत सोडून कागदात जायला लागले, आणि पावसाळा सरेपर्यंत ठिपक्यात. डाव्या बोटाला खरंच झटका नव्हता. "इतकी वर्षं तू परक्या हाताने नेम धरत होतीस की गं," सुभानराव म्हणाले. "परक्या हाताने तिसरी आलीस!"

एक खोड तेवढी गेली नव्हती. एकदा सराव चालू असताना बाहेर रस्त्यावर ट्रकचा टायर फुटला. चारू दचकली, आणि तिने रायफल उचलली ती सरळ उजव्या खांद्याला. सुभानरावांनी ते पाहिलं.

"घाबरलीस की हात जुन्या वाटेने जातो," ते म्हणाले. "दसऱ्याला तेवढं सांभाळ."

दसरा उजाडला. चांदमारीत रिवाज असा, की सकाळी शस्त्रपूजा, मग निवडीची स्पर्धा, आणि शेवटी प्रसाद. पागेत सतरंजीवर लाल कापड अंथरून सगळ्या रायफली ओळीने ठेवल्या होत्या, प्रत्येकीला झेंडूची माळ. चारू म्हणाली, "आत्या, आज तरी ये ना." आणि आत्या आली. इस्त्रीची पांढरी साडी, हातात पेढ्यांचा डबा. सुभानरावांनी तिला वडीलकीचा मान दिला, म्हणून पूजा तिच्याच हातून झाली. तिने प्रत्येक रायफलीला कुंकू लावलं. हिरव्या गोधडीच्या रायफलीपाशी तिचा हात थांबला, मग तिथेही लावलं. पूजा आटोपल्यावर ती दोरीमागच्या बाकावर जाऊन बसली.

सहाजणी होत्या, जागा तीन. मुली आपापली रायफल समोरच्या मेजावर ठेवून रांगेत उभ्या राहिल्या. सुभानरावांनी ओरडून ताकीद दिली, "आता कुणी बोलायचं नाही! मागच्यांनीसुद्धा!"

चारूने समोर ठेवलेल्या रायफलीला नमस्कार केला, तो कपाळावरून हात खाली आणते तोवर सुभानरावांनी हुकूम दिला. पूजेतली वस्तू, कुंकू लावलेली. पूजेतलं काही उचलायचं ते उजव्या हाताने, हे बावीस वर्षांचं वळण. तिने रायफल उजव्या हाताने उचलली, उजव्या खांद्याला लावली, उजवा गाल टेकवला, आणि आठ वर्षांच्या सवयीने डावा डोळा मिटला.

समोर काळोख.

नुसता काळोख. ठिपका नाही, माशी नाही, दिवा नाही. गेला, दुसराही गेला, एवढंच तिच्या मनात आलं. डावा डोळा आपणच मिटलाय हे तिला सुचेचना. बाजूच्या मुलींचे छर्रे सुटत होते, टप टप आवाज येत होता, आणि चारू त्या काळोखात तोंड खुपसून उभी होती.

तेवढ्यात दोरीमागून आवाज आला, करडा, खणखणीत, अख्खी शाळा गप्प करणारा.

"चारू, डावा!"

सगळी पागा दचकली. चारूने झटकन रायफल खाली घेतली, जशी लहानपणी हात मागे घ्यायची, अगदी तशी. डावा डोळा उघडला. दिवा दिसला, कागद दिसला, सगळं जिथल्या तिथे होतं.

"बाई!" सुभानराव गरजले. "लाइनवर बोलायचं नाही म्हणून सांगितलं ना?"

"बोलले," आत्या उभी राहून म्हणाली. "आता नाही बोलत."

सुभानरावांनी सगळ्यांना थांबवलं. नियम तो नियम. "स्पर्धेत बाहेरून कुणी बोललेलं चालत नाही. कुणाची हरकत आहे का? असेल तर चारूला बाहेर काढतो."

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. मग नीरा म्हणाली, "काका, एक आजी ओरडल्या, त्यात काय? चला ना पुढे." बाकीच्यांनीही माना हलवल्या.

चारूने डोळे पुसले. तिला हसू येत होतं आणि रडूही. तिने रायफल डाव्या खांद्याला लावली आणि आईच्या साडीवर गाल टेकवला. कुंकवाचा वास आला. श्वास अर्धा सोडला, आणि ज्या बोटाला लहानपणी बांधून ठेवलं होतं त्या बोटाने चाप हळू ओढला. मग दुसरा, मग तिसरा. ती मागचं काही ऐकत नव्हती.

शेवटी सुभानरावांनी कागद गोळा केले, चष्मा चढवला, पुन्हा पुन्हा तपासले. एक नाव नीराचं, ते सगळ्यांना ठाऊकच होतं. दुसरं एका नव्या मुलीचं. मग ते थांबले, आणि मैदानावरचा तो आवाज त्यांना काही केल्या नीट काढता येईना.

"तिसरं," ते म्हणाले, "चारुलता दिघे."

मुलींनी गलका केला. नीराने चारूला मिठी मारली. सुभानराव उगाचच दिव्याची वायर तपासायला गेले आणि बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. आत्या मात्र बाकावरून उठली नाही. कोणी अभिनंदन करायला गेलं तर म्हणायची, "आधी प्रसाद होऊ दे, रिवाज आहे," आणि डब्याचं झाकण उघडायचा प्रयत्न करायची. ते काही उघडेना, शेवटी नीराने उघडून दिलं.

सगळे प्रसादाला आले. आत्या एकेकाच्या हातावर पेढा ठेवत होती, चारू सगळ्यांच्या शेवटी. रायफल अजून तिच्या उजव्या कुशीत होती, आणि ती मागे वळून नीराशी काहीतरी बोलत हसत होती. तिने न बघता हात पुढे केला. तो डावा होता.

आत्याच्या तोंडून सवयीने निघालंच, "चारू, उज..."

ती थांबली. आजूबाजूला माणसं होती. क्लबातल्या मुलींच्या आया होत्या, काही दिघ्यांच्या ओळखीच्या. चारूने वळून आधी आत्याकडे आणि मग आपल्या हाताकडे पाहिलं, आणि ती हात मागे घ्यायला लागली.

आत्याने तो मनगटाशी धरला. चार वर्षांच्या पोरीचं जिथे धरायची तिथेच. मग तिने डब्यातला सगळ्यात मोठा पेढा निवडून त्या डाव्या तळव्यावर ठेवला, आपल्या दोन्ही हातांनी त्याची बोटं मिटली, आणि जरा वेळ तशीच धरून ठेवली.

"खा," आत्या म्हणाली. "तुझ्या हाताने खा."